अंथरूण पाहून पाय पसरावे, पण…

काही दुःखे अशी असतात की ती बोलून दाखवण्याची सोय नसते. सावकाराने आयकराचे रडगाणे गायले तर त्याला जशी कोणी सहानुभूती दाखवीत नाही, तशीच उंच माणसाने आपल्या उंचीबद्दल केलेली तक्रारही कोणी ऐकून घेत नाही. “तुला रे काय झालंय? देवानं चांगली ताडमाड उंची दिलीय!” हे उत्तर ठरलेले. ठेंगण्या माणसाची थट्टा करू नये हे आता सुशिक्षितांना पटू लागले आहे. काळ्या रंगाची, जाडीची, तोतरेपणाची थट्टा करतानाही माणसे निदान इकडेतिकडे पाहून घेतात. उंच माणसाची थट्टा मात्र थट्टा मानलीच जात नाही. ती स्तुती मानली जाते, आणि स्तुतीविरुद्ध दाद मागण्याचे न्यायालय अजून कोठे निघालेले नाही. म्हणून यंदाच्या वार्षिकांकाचा आश्रय घेऊन मी माझी कैफियत आपल्यापुढे मांडीत आहे.

प्रथम वादीची ओळख. माझी उंची अनवाणी सहा फूट पाच इंच, म्हणजे १९६ सेंटीमीटर आहे. २०१६ साली जगभरच्या संशोधकांच्या एका मोठ्या गटाने दोनशे देशांतील माणसांच्या शंभर वर्षांतल्या उंचीचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटीमीटरच्या आसपास भरली, आणि पुरुषांत सर्वांत उंच ठरलेल्या डच लोकांची १८२ च्या आसपास. म्हणजे सरासरी भारतीय माणसाच्या डोक्यावर शाळेतली एक फूटपट्टी उभी धरली की मी तयार होतो. या एका फूटपट्टीने माझ्या आयुष्यात काय काय उलथापालथ केली आहे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

दारापासूनच सुरुवात करू. आमचे शांतीनगर म्हणजे मीरा रोड स्टेशनाच्या पूर्वेला सेक्टरांत वसलेली मध्यमवर्गीयांची वसाहत. मुंबईत जागा परवडेना म्हणून लोक दहिसरची हद्द ओलांडून मिठागरांच्या या पट्ट्यात राहावयास आले. अशा ठिकाणी घराचा प्रत्येक फूट पैसे मोजून घेतलेला असतो आणि म्हणून तो वापरला जातो. बाथरूमच्या डोक्यावर पोटमाळा, स्वयंपाकघराच्या दारावर फळी, फळीवर दिवाळीचा आकाशकंदील, गणपतीचे मखर आणि एक न चालणारा टेबलफॅन. ही काटकसर योग्यच आहे. पण ती सगळी माझ्या कपाळाच्या पातळीवर केलेली आहे.

येथे थोडे गणित करू. राष्ट्रीय इमारत संहितेत दरवाजाची किमान उंची दोन मीटर धरलेली आहे. मी १९६ सेंटीमीटर. कागदावर पाहिले तर चार सेंटीमीटर शिल्लक राहतात आणि तक्रारीला जागा उरत नाही. परंतु पायात चपला आल्या की त्यांतले दोन-तीन सेंटीमीटर गेले. चालताना प्रत्येक पावलाला माणसाचे डोके थोडे वर-खाली होते, त्यात उरलेले गेले. आणि बाथरूमच्या दाराशी पाणी बाहेर येऊ नये म्हणून बांधलेला उंबरठा असतो. त्यावर पाय ठेवला की सरळ कपाळमोक्ष. आमच्या घरातल्या बाथरूमच्या चौकटीला वडिलांनी वरून स्पंजाची एक पट्टी ठोकली आहे. पाहुणे तिला शोभेची वस्तू समजतात.

दारातून आत आल्यावर संकट टळते असे नाही. आमच्या खोलीचे छत नऊ फुटांवर आहे आणि पंखा आठ फुटांवर फिरतो. मी हात वर केला की तो सव्वाआठ फुटांच्याही वर जातो. यावरून चतुर वाचकांच्या ध्यानात येईल की मला माझ्याच खोलीत सदरा डोक्यावरून काढताना आधी पंखा बंद करावा लागतो. आळस देणे ही सर्वांत स्वस्त चैन. तीही मला खोलीच्या कोपऱ्यात जाऊन करावी लागते. स्वयंपाकघराचा ओटा आईच्या उंचीचा आहे; त्यावर भांडी घासू लागलो की पाठ दुखते, आणि नाही घासली की आई म्हणते, “एवढा वाढलास तो काय नुसता बघायला?” भिंतीवरच्या आरशात मला माझी हनुवटी आणि शर्टाचे पहिले बटण दिसते. भांग पाडण्यासाठी मी रोज सकाळी आरशापुढे अर्धी बैठक मारतो. तालमीत न जाता मांड्या घट्ट झाल्या, एवढाच फायदा.

आता रात्रीचे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ज्या कोणी काढली तो नक्कीच साडेपाच फुटांचा असला पाहिजे. बाजारात मिळणारा पलंग सव्वासहा फुटांचा. त्याला डोक्याशी आणि पायाशी लाकडी फळी. माझे अंथरूण पाहून मी पाय पसरावयाचे ठरवले तर गुडघे पोटाशी घेऊनच झोपावे लागेल. त्यामुळे मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा झोपतो आणि धाकटा भाऊ उरलेल्या दोन त्रिकोणांपैकी एकात झोपतो. चादर गळ्यापर्यंत ओढली की पाय उघडे पडतात, आणि मीरा रोडचे डास उघड्या पायांची वाटच पाहत असतात. शेवटी आजीने हे कोडे सोडवले. आपली दोन जुनी लुगडी जास्तीची जोडून तिने माझ्यासाठी साडेसात फुटांची गोधडी शिवली. मला वाटते, आजवर माझ्या मापाची म्हणून कोणी आपण होऊन केलेली ती एकच वस्तू. आजीने प्रथम मला मापले आणि मग कापड कापले. बाकीचे जग प्रथम कापड कापते आणि मग मला त्यात बसावयास सांगते. माझे सगळे म्हणणे याच एका वाक्यात आहे. पण अंकाची पाने शिल्लक आहेत, म्हणून पुढे लिहितो.

घराबाहेर पडावे तर रिक्षा. रिक्षेत मी बसत नाही. मी घडी होतो. डोके छताच्या दांडीला, गुडघे पुढच्या आडव्या नळीला, आणि खड्डा आला की दोन्हीकडून एकदम जाब विचारला जातो. रस्ता पाहावयाचा तर मान खाली घालून. त्यामुळे मला शांतीनगरातले सगळे खड्डे माहीत आहेत आणि एकही पाटी माहीत नाही. लोकलचे म्हणाल तर एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की विरारहून भरून आलेल्या गाडीत इतरांना जेव्हा दुसऱ्याच्या काखेतली हवा घ्यावी लागते तेव्हा मला पंख्याची हवा मिळते. परंतु या हवेची किंमत म्हणून धरावयाच्या कड्या दर धक्क्याला माझ्या कपाळावर येऊन घंटेसारख्या आदळतात. बसावयास जागा मिळाली तर समोरच्या गृहस्थाच्या आणि माझ्या गुडघ्यांचा तह व्हावा लागतो. लांबच्या गाडीत बाकाची लांबी साधारण सहा फूट, आणि बाजूचा बाक तर त्याहून आखूड व दोन्ही टोकांना बंद. सरळ बाकावर झोपलो की पावले वाटेत येतात, आणि रात्रभर येणारेजाणारे व पहाटेचा चहावाला माझ्या पायांना नमस्कार करून पुढे जातात. एवढा मान वयाच्या विसाव्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाला असेल असे वाटत नाही.

या संदर्भात आमच्याच मार्गावरून धावणाऱ्या एका गाडीची गोष्ट मला फार जवळची वाटते. २०१६ साली मुंबईत पहिली वातानुकूलित लोकल येऊन दाखल झाली. ती मध्य रेल्वेवर धावावयाची होती. पण नेहमीच्या लोकलपेक्षा ती काही सेंटीमीटर उंच निघाली, आणि मध्य रेल्वेवरचे काही जुने पूल तिला ठेंगणे पडले. अखेर ती पश्चिम रेल्वेकडे आली आणि २५ डिसेंबर २०१७ पासून आमच्या बाजूला धावू लागली. गाडी उंच आहे म्हणून कोणी तिला वाकून जाण्यास सांगितले नाही, “तुला काय, चांगली उंची मिळालीय” असेही म्हटले नाही. मोजमापे झाली, विचार झाला, मार्ग बदलला. जी वागणूक लोखंडाच्या डब्याला मिळाली ती हाडामांसाच्या माणसाला मिळावी, एवढीच माझी माफक अपेक्षा आहे.

रस्त्यावरच्या शत्रूंची यादी मोठी आहे. दुकानांच्या पुढे आलेल्या पत्र्यांचे कोपरे, ताडपत्रीच्या दोऱ्या, मंडपाचे आडवे बांबू, गॅलरीखाली वाळत घातलेल्या ओल्या साड्या. या सर्वांचा राजा म्हणजे पावसाळ्यातली छत्री. स्टेशनाच्या पुलावर शेकडो छत्र्या एकदम उघडतात आणि त्यांच्या काड्यांची टोके बरोबर माझ्या गळ्यापासून डोळ्यांपर्यंतच्या प्रदेशात फिरत राहतात. इतरांना पाऊस वरून लागतो, मला बाजूने टोचतो.

खरेदीचा प्रकार थोडक्यात आटोपतो, कारण दुकानदारही तो थोडक्यातच आटोपतो. तयार पँट घोट्याच्या वर राहते, आणि मित्र विचारतात, “काय, घरात पाणी शिरलं का?” बुटांच्या दुकानात माझे पाऊल पाहताच विक्रेता पेटीकडे न जाता मालकाकडे जातो. माझ्या मापाची चप्पल मिळाली तर रंग विचारावयाचा नसतो. शिंप्याकडे कापड जास्त लागते आणि शिलाईही जास्त पडते. उंची देवाने दिली असेल, पण तिचे हप्ते आमचे वडील भरीत आहेत.

इथवर जे सांगितले ते लाकूड, लोखंड आणि कापड यांचे. त्यांना जीव नाही, तेव्हा त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. माणसांचे काय? रोज किमान तीन अनोळखी माणसे मला माझी उंची विचारतात. अनोळखी माणसाचे वजन, पगार किंवा वय असे भर रस्त्यात विचारण्याची पद्धत नाही. उंची मात्र सार्वजनिक मालमत्ता. पुढचा प्रश्न “वर हवा कशी आहे?” हा असतो, आणि विचारणाऱ्याला तो आपल्यालाच प्रथम सुचला असे प्रामाणिकपणे वाटत असते. लंबू, खांब, दीपमाळ, जिराफ ही माझी सहस्रनामावली. कोणी “अक्कल गुडघ्यात” म्हणाले तर पुढे जोडतो, “आणि याचे गुडघे केवढे!” कोणत्याही घरी गेलो की जळमटे काढणे, दिवा बदलणे आणि पोटमाळ्यावरची ट्रंक उतरवणे ही कामे माझी. दहीहंडीत मी तळाच्या थरात, सामुदायिक छायाचित्रात मागच्या रांगेत, आणि त्यातही बहुधा कपाळाशिवाय. नाटकाला गेलो की मागून “अहो, डोकं!” अशी हाक येते, जणू ते मी घरी ठेवून यावयास हवे होते. आणि ज्याला बास्केटबॉल खेळता येत नाही अशा उंच माणसाकडे लोक अशा नजरेने पाहतात की त्याने समाजाची फसवणूक केली आहे. मुंबईचा आबे कुरुविल्ला साडेसहा फूट उंच होता आणि १९९७ साली भारतातर्फे दहा कसोटी सामने खेळला; तो चेंडू टाकू शकत होता म्हणून खेळला, नुसता उंच होता म्हणून नव्हे. एवढा साधा भेद लक्षात घ्यावयास कोणी तयार नसतो.

यात सर्वांत जास्त काळ चाललेला प्रकार शाळेतला आहे, आणि तो विनोदाने नेण्यासारखा नाही. पहिलीपासून उंचीप्रमाणे रांग लावली आणि मला शेवटच्या बाकावर बसवले. व्यवस्था म्हणून ते समजण्यासारखे आहे. माझ्या मागे बसणाऱ्याला फळा दिसला नसता. पण शेवटचा बाक हा आपल्याकडे नुसता बाक नाही, तो एक शेरा आहे. तेथे बसणारा टवाळ, तेथे बसणारा नापास होणारा, हे गृहीत असते. बारा वर्षे मी केवळ घोट्यापासून टाळूपर्यंतच्या अंतरामुळे टवाळ ठरलो. मला चष्मा लागल्याचे घरी समजले ते सातवीत, कारण लांबचा फळा कोणालाच नीट दिसत नसतो अशी माझी समजूत होती. शिवाय वर्गात कोठेही गडबड झाली की शिक्षकांची पहिली नजर सर्वांत वर आलेल्या डोक्यावर पडते. महाविद्यालयात येऊनही यात फरक पडला नाही. इतरांची हजेरी मित्र लावू शकतात. माझी गैरहजेरी दारातूनच दिसते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही मांडले पाहिजे. उंच माणसाला फायदे असतात. त्याचा रुबाब पडतो, रांगेत त्याला कोणी ढकलत नाही, लग्नाच्या बाजारात त्याला भाव असतो. टिमोथी जज आणि डॅनिएल केबल या दोन अभ्यासकांनी २००४ साली दाखवून दिले की उंच माणसांची मिळकतही सरासरीने जास्त असते. दर इंचामागे वर्षाला सातशे एकोणनव्वद डॉलर असा त्यांचा हिशेब होता. हे मी नाकारीत नाही. परंतु तो हिशेब मुख्यतः अमेरिकेतला, आणि थोड्याफार उंच माणसांना धरून केलेला. पाच फूट दहा इंचांचा माणूस देखणा ठरतो, सहा फूट एक इंचाचा भारदस्त. त्याच्याही पलीकडे गेलेला मात्र प्रेक्षणीय ठरतो. देखणा आणि प्रेक्षणीय यांत फरक आहे. पहिल्याला लोक वळून पाहतात, दुसऱ्याला थांबून.

आणि स्तुतीचा खरा तोटा येथे सुरू होतो. ज्या गोष्टीला सगळे भाग्य म्हणतात तिच्याकडे कोणी काळजीने पाहत नाही. उंच मुलाला पोक येतो तो हाडांच्या दोषाने नव्हे, तर दर तासाला वाकून आणि दर चेहऱ्याशी बोलण्यासाठी मान खाली घालून. लहानपणी मी मित्रांत मिसळण्यासाठी खांदे पाडून चालत असे. वाकावे लागते म्हणून वाकणे वेगळे आणि आपण जास्त जागा घेतो याची क्षमा मागितल्यासारखे वाकणे वेगळे. मराठीत ‘मान’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. उंच माणसाला पहिला मान मिळतो तो दुसऱ्या मानेच्या बदल्यात.

काही वेळा तर प्रश्न जिवाचा असतो. फ्लो हायमन ही अमेरिकेची विख्यात व्हॉलीबॉलपटू, सहा फूट पाच इंच, म्हणजे बरोबर माझ्या उंचीची. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाने रौप्यपदक मिळवले. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावर कोसळली आणि मरण पावली. नंतर कळले की तिला मार्फन नावाचा विकार होता. फ्रेंच डॉक्टर आंत्वान मार्फन यांनी १८९६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. यात शरीरातले जोडऊतक कच्चे असते. माणूस उंच, सडपातळ होतो, हातपाय व बोटे लांब होतात, दृष्टी बिघडू शकते, आणि हृदयातून निघणारी महाधमनी हळूहळू फुगून एके दिवशी फाटू शकते. वेळीच ओळखले तर औषधांनी व शस्त्रक्रियेने पुष्कळ काही करता येते. हायमन जगप्रसिद्ध खेळाडू होती. तिची उंची हजारोंनी डोळे भरून पाहिली होती, पण तिचा विकार मरेपर्यंत ओळखला गेला नाही. प्रत्येक उंच माणूस आजारी असतो असे मुळीच नाही. मी स्वतः तपासून घेतले आहे आणि ठणठणीत आहे. पण घरातल्या इतरांच्या मानाने भलताच वाढलेला, लांब बोटांचा, मोठ्या नंबरचा चष्मा लागलेला मुलगा दिसला तर त्याला केवळ शाबासकी देऊन थांबू नये, डॉक्टरांकडेही न्यावे, इतके मी आग्रहाने सांगेन.

जगातला नोंदलेला सर्वांत उंच माणूस रॉबर्ट वॉडलो याची कथाही हेच सांगते. पियुषिका ग्रंथीच्या बिघाडामुळे तो २७२ सेंटीमीटरपर्यंत वाढला. लोक त्याला पाहावयास गर्दी करीत. पायांना आधार म्हणून बांधलेल्या पट्ट्याने घोट्याला फोड आला, तो चिघळला, आणि १९४० साली वयाच्या बाविसाव्या वर्षी तो गेला. एवढ्या मोठ्या देहाचा अंत बेताचे न बसणाऱ्या एका पट्ट्याने केला. ‘माप’ हा किती गंभीर शब्द आहे हे मला या कथेने शिकवले.

मग उपाय काय? एक उपाय आपलेच घर बदलण्याचा. पुण्याचे शरद व संजोत कुलकर्णी यांची १९८९ साली लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्सने भारतातील सर्वांत उंच दांपत्य म्हणून नोंद केली. शरदराव सात फूट दीड इंच आणि संजोतताई सव्वासहा फुटांच्या जवळ. त्यांच्या दोन्ही मुलीही सहा फुटांच्या वर. असे सगळेच घर एका मापाचे असले तर घरापुरता प्रश्न सुटतो. उंबरठ्याबाहेर मात्र जग तेच राहते. दुसरा उपाय देशाने केलेला. हॉलंडमध्ये माणसे पिढ्यान्‌पिढ्या उंच होत गेली, तेव्हा तेथील सरकारने २००३ च्या इमारत नियमांत नव्या घरांच्या दारांची किमान उंची २.१ मीटरवरून २.३ मीटर केली. माणसांना वाकावयास न शिकवता त्यांनी चौकट उचलली.

आपल्याकडे एवढ्या उंच माणसांची संख्या ती किती, त्यांच्यासाठी सगळी दारे का बदलावीत, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे की प्रश्न उंच माणसाचा नाहीच. तो ‘सरासरी’ नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाचा आहे. या गृहस्थाला बेल्जियमचे विद्वान आदोल्फ केटले यांनी १८३५ साली जन्म दिला. तेव्हापासून बाक, खुर्ची, ओटा, पायरी सगळे त्याच्या मापाने होते. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनिएल्स या तरुण अभ्यासकाने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे किती, हे पाहिले. उत्तर आले शून्य. चार हजारांत एकही नाही! ज्याच्यासाठी विमानातली बैठक बनवली होती तो वैमानिक जगात अस्तित्वातच नव्हता. हवाई दलाने मग माणसे बदलली नाहीत. मागेपुढे सरकणाऱ्या, वरखाली होणाऱ्या बैठका करून घेतल्या. भारतीय शरीरांची मापेही उपलब्ध आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रबर्ती यांचा त्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा आपण मोजलेच नाही, अशी सबब सांगता येणार नाही.

एकदा ही दृष्टी आली की आपल्या महाविद्यालयातच किती मंडळी माझ्या पक्षात आहेत हे दिसू लागते. लोकलची कडी माझ्या कपाळावर आदळते, पण माझ्या वर्गातल्या कित्येक मुलींचा हात तिच्यापर्यंत पोचतही नाही. उजव्या हाताला फळी असलेल्या खुर्चीवर डावखुरा मुलगा तीन तासांचा पेपर शरीर पिळून लिहितो. ग्रंथालयातले वरचे पुस्तक काढण्यास ठेंगण्या विद्यार्थ्याला स्टूल मागावे लागते, आणि खालचे काढण्यास गुडघे धरलेल्या वृद्ध प्राध्यापकांना विद्यार्थी. कुबड्या घेऊन येणाऱ्याला तर आमची प्रत्येक पायरी परीक्षाच असते, आणि त्याच्या परीक्षेपुढे माझी टेंगळे म्हणजे खेळ. आम्ही सगळे एकाच गृहस्थाचे बळी आहोत. फरक इतकाच, की इतरांची लोक कीव करतात आणि माझे अभिनंदन करतात. सोय दोघांचीही होत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी थोड्या आहेत. प्रत्येक वर्गात दोन बाक उंच आणि दोन बुटके असावेत. नवे बाक घेताना एवढे करण्यास जास्तीचा खर्च नाही, फक्त सुताराला माप दोनदा सांगावे लागेल. डावखुऱ्यांसाठी काही खुर्च्या असाव्यात. कोणी कोठे बसावे हे उंचीवरून न ठरवता डोळ्यांवरून आणि कानांवरून ठरवावे. माझ्यासारख्याला पुढे भिंतीकडेला बसवले तर कोणाचाही फळा झाकला जात नाही. आणि शेवटची मागणी मित्रांकडे. हवा कशी आहे हे मला विचारू नका. ती तुमच्याकडे आहे तशीच माझ्याकडेही आहे.

माणसाला वाकावयास शिकवणारी एक परंपरा आपल्याकडे जुनी आहे. वाड्याच्या मोठ्या दरवाजातली लहान दिंडी मुद्दाम ठेंगणी करीत, म्हणजे येणाऱ्याने मान लववूनच आत यावे. तेथे शत्रूला रोखावयाचे होते. महाविद्यालयाच्या वर्गात येणारा कोणी शत्रू नसतो. तो उंच असेल, ठेंगणा असेल, लंगडत येत असेल. तो शिकावयास येतो. त्याला आत घेण्यापूर्वी एकदा मापून पाहावे, आणि मग चौकट बसवावी. आमच्या आजीला हे गोधडी शिवताना सुचले. तिने कोणताही अहवाल वाचला नव्हता.